बुवा न झालेले दाजी

आमचे दाजी बुवा नव्हते. हे मी आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कोणी वाद घालायला नको. फोपनारच्या त्यांच्या शेताच्या बांधावर अजून कोणी कोणी नारळ ठेवून जातं. परवा एक शिकलेला मास्तर मलाच विचारतो, "तुमचे दाजी सिद्धपुरुष होते म्हणे?" मी म्हटलं, "माझे दाजी केळीवाले होते. त्याआधी फौजेत होते. सिद्ध म्हणाल तर फक्त वांग्याची भाजी सिद्ध करता यायची, तीही खारट." मास्तर हसला नाही. शिकलेल्या माणसाला साधू पाहिजे असतो, केळीवाला चालत नाही.

मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढं शाळा मला नको होती आणि शाळेलाही मी नको होतो. पण जे डोळ्यानं पाहिलं ते सांगायला चौथी लागत नाही. माझी सख्खी मोठी बहीण, अक्का, त्या घरात दिलेली. आम्ही इच्छापूरचे. फोपनारला माझ्या जेवढ्या खेपा झाल्या तेवढ्या माझ्या सासुरवाडीलाही झाल्या नाहीत. तेव्हा दाजींबद्दल बोलायचा हक्क माझा पहिला.

राम राम म्हणायची दाजींची पद्धत नव्हती. कोणी शेतात आलं की ते म्हणायचे, "डोकं खाली ठेवा." आणि स्वतः उकिडवे बसायचे, केळीच्या बुंध्याला पाठ लावून. माणूस उभाच राहिला तर हात धरून खाली ओढायचे. आधी गावातले चार म्हातारे यायचे, मग बुऱ्हाणपूरचे व्यापारी यायला लागले. ते घरी जाऊन सांगायचे, "काय एका शब्दात उपदेश केला महाराजांनी. डोकं खाली ठेवा. सगळा अहंकार उतरला."

मला तेव्हाच हसू यायचं. अहंकाराचा काय संबंध? डोकं वर केलं की गोळी लागते, एवढंच त्यांना सांगायचं असायचं.

एकदा कापसाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची बायको आली, दंडापासून मनगटापर्यंत सोनं. उन्हाची वेळ होती. दाजी तिच्याकडं बघून घाबरेघुबरे झाले. म्हणाले, "बाई, हे चमकतंय. काढून ठेवा. वरून दिसतं." त्यांचा डोळा आभाळाकडं. विमान येतं का ते बघत होते बिचारे. पण त्या बाईला वाटलं, वरून दिसतं म्हणजे देवाला दिसतं. ती तिथंच रडायला लागली, सगळे दागिने काढून पदरात बांधले आणि घरी गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, आजपासून मी लंकेची पार्वती. दुसऱ्या दिवशी व्यापारी टांगा करून भांडायला आला. दाजींनी त्यालाही खाली बसवलं. त्याच्या कोटाची पितळी बटणं चमकत होती. तीही काढायला लावली. तोही रडला म्हणतात. ते मी पाहिलं नाही, पण कोट उघडा टाकून जाताना मात्र पाहिलं.

मी दाजींना विचारलं, "दाजी, हे काय चालवलंय तुम्ही?"

"मी कुठं काय चालवलंय, सालेसाहेब," ते म्हणाले. मला ते असंच म्हणायचे. "ते येतात. आलेल्या माणसाला जपायचं सांगायला नको का?"

"पण ते तुम्हाला बुवा समजतात."

"समजू दे. पण तू असा घोळक्यात उभा राहत जाऊ नको. एकाच वेळी सगळे जाल."

हेही वाक्य पुढं फिरलं. 'सगळे एकाच वेळी जाल.' लोक म्हणाले, प्रलयाची सूचना आहे.

दाजी फौजेत गेले ती गोष्ट साधी. कापूस घेऊन बुऱ्हाणपूरला गेले, तिथं भरती चालू होती, आणि भरती करणाऱ्यांच्या जवळ मोटार होती. दाजींना मोटारीचं वेड. गाडी-बैल गावच्या एकाबरोबर परत पाठवले आणि निरोप दिला, मोटार शिकून येतो. मोटार शिकले खरे. मग समुद्रापलीकडं मलायात नेलं आणि जपान्यांच्या हाती सापडले. इकडं घरी सरकारी कागद आला, तुमचा माणूस कामी आला.

मढं नाही तर काय जाळायचं? गुरुजी म्हणाले, पळसाच्या पानांचा पुतळा करा. तापीच्या काठावर पुतळा जाळला, दिवस केले, तेरावं जेवलो. अक्काचं कुंकू पुसलं. मी तिथं उभा होतो. पळसाची पानं ओली होती, धूर फार झाला, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्काच्या डोळ्यांतून मात्र आलं नाही. ती म्हणाली, "भाऊ, हे पानंच हायेत."

आणि लढाई संपून बरेच महिने झाल्यावर एका सकाळी दाजी बुऱ्हाणपूर ठेसनावरून पायी चालत घरी आले. त्यांच्या आईनं दारातच थांबवलं. म्हणाली, "पाय दाखव." भुताचे पाय उलटे असतात ना. दाजींनी मुकाट्यानं दोन्ही पाय दाखवले, तळवेसुद्धा. आई म्हणाली, फिर. फिरले. म्हणाली, बस. बसले. तेव्हाच माझ्या मनात आलं, हा माणूस सांगितलेलं सगळं का ऐकतो? आधीचे दाजी आईचं एक ऐकायचे नाहीत.

ज्याचं क्रियाकर्म झालं त्याला घरात घ्यायचं तर तो पुन्हा जन्मावा लागतो, असं गुरुजींनी सांगितलं. पुन्हा बारसं, पुन्हा नाव, आणि बायको पाहिजे तर तिच्याशी पुन्हा लग्न. बारसं झकास झालं. एवढ्या मोठ्या माणसाला पाळणा कुठला? कापूस बांधायच्या जाड कापडाची झोळी केली आणि पडवीच्या तुळईला टांगली. दाजी मिशांसकट झोळीत. पाय जमिनीला टेकलेले. बायांनी पाळणा म्हटला, आत्यानं कानात नवं नाव सांगितलं. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "पोरगं गोरं हाय, पण मिशी लवकर आली." सगळे हसले. दाजीही हसले. आणि मग झोळीतच झोपी गेले. असे झोपले की पंगत उठली तरी उठले नाहीत. आईनं कोणालाच झोळीला हात लावू दिला नाही. म्हणाली, परत आल्यापासून पहिल्यांदा झोपलाय.

नव्या नावाला ते ओ द्यायचे. जुन्या नावानं हाक मारली तर इकडंतिकडं बघायचे, दुसऱ्या कोणाला बोलावतात असं वाटून. मी दोन्ही नावं इथं लिहीत नाही. माझ्यासाठी ते दाजी, पहिल्या जन्मात आणि दुसऱ्याही.

लग्न अंगणात होतं, घरच्या घरी. नाही नाही म्हणता पन्नास माणूस जमलंच. अंतरपाट गुरुजींनी एका टोकाला धरला आणि दुसरं टोक मला दिलं. पांढरं धोतर, मधे कुंकवाचं स्वस्तिक. मंगलाष्टकं झाली. शेवटचं 'सावधान' झालं आणि अक्षता पडल्या. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या, हळद लावलेल्या. त्या गोठ्याच्या पत्र्यावर तडतडल्या. तशी दाजींनी बोहल्यावरून माझ्या अंगावर उडी घेतली. मी पालथा. माझा पुढचा दात पाटाला लागून तुटला. वर दाजी. क्षणभर तसेच राहिले, मग उठले आणि कुंपणावरून उडी मारून जे पळाले ते शेतात.

बोहल्यावर सावधान ऐकून पळालेल्या आणि पुढं मोठा संत झालेल्या मुलाची गोष्ट मराठी माणसानं पाळण्यातच ऐकलेली असते. झालं. संध्याकाळच्या आत गावभर झालं की फोपनारात दुसरा संत निपजला. मी तुटका दात हातात घेऊन सांगत होतो की अरे, तो संत पळाला तेव्हा त्यानं आधी मेहुण्याला आडवा केला नव्हता. पण माझं कोण ऐकतो? लोकांना पळालेला दिसला, पाडलेला दिसला नाही.

तेव्हापासून दाजी शेतातल्या झोपडीत राहिले. घरात यायचे नाहीत. ते दिवस संस्थानं देशात विलीन होण्याचे. पारावर रोज तीच चर्चा, आज अमका राजा आला, आज तमका. पाटील मला म्हणाले, "काय हो, एवढे तोफांचे राजे विलीन झाले, तुमच्या दाजींचं संस्थान घरात कधी विलीन व्हायचं?" मी रागानं ते दाजींना सांगितलं. दाजी मोठ्यानं हसले. म्हणाले, "त्यांना सांग, माझ्याजवळ ना तोफ ना फौज. फौज नको म्हणून तर बाहेर बसलो."

सगळं हसण्यासारखं होतं, अक्का सोडून. सासूनं सांगितलेलं, दुसरं लग्न लागल्याबिगर कुंकू लावायचं नाही. लग्न तर अर्धं राहिलं. रोज दुपारी ती भाकरी घेऊन शेतात जायची आणि बांधावर ठेवून माघारी यायची. बुवाजवळ त्याच्या बायकोनं जाऊ नये, असं दाजींच्या थोरल्या भावानं ठरवलं होतं. थोरले वाईट माणूस नव्हते. घरात वेडा भाऊ असण्यापेक्षा बुवा भाऊ असलेला बरा, एवढाच त्यांचा हिशोब. त्यांच्या जागी मीही असतो तर कदाचित तसाच केला असता, नक्की सांगत नाही.

एकदा अक्का मला म्हणाली, "भाऊ, मी विधवा नई, सवाशीण नई. संक्रांतीले मले कोणी बोलावत नई आणि एकादशीले कोणी उपास सांगत नई. मी कोणाची कोण हाय, तेवढं तरी सांग मले."

मी घरी येऊन बैलांवर ओरडलो.

आणि मग थोरल्यांचा निरोप आला की ओंकारेश्वरच्या बाजूचे एक महाराज येणार आहेत, दाजींना दीक्षा देणार आहेत. भगवं एकदा अंगावर चढलं की संपलं. संन्याशाला बायको नसते. अक्काला मग कोणताच विधी परत आणू शकत नव्हता. मी गाडी जुंपली आणि फोपनार गाठलं. डोक्यात एकच, दाजींना गाडीत घालायचं आणि इच्छापूरला आणायचं. मला बरीच माणसं हट्टी म्हणतात. बराबर म्हणतात.

झोपडीपुढं सारवलं होतं. पूजेचं ताट, भगवी कफनी घडी करून ठेवलेली, बाजूला महाराज. भोवती गर्दी, पण दाजींच्या सांगण्याप्रमाणं विखरून बसलेली. दाजी मधे पाटावर, नुकतीच अंघोळ झालेली, डोकं पुसायलासुद्धा कोणी सांगितलं नव्हतं म्हणून केसांतून पाणी गळत होतं.

मी ओरडलो, "दाजी, उठा. गाडीत बसा."

दाजी उठले. गाडीकडं चालायला लागले.

थोरले म्हणाले, "बस खाली. मुहूर्त हाय."

दाजी बसले.

"उठा म्हणतो ना."

उठले.

"बस."

बसले. लोक हसायला लागले. दोनदा झालं, तीनदा झालं. थोरले आणि मी, दोघंही इरेला पेटलेले. दाजींच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हुकूम आला की करायचं. जिकडं नेलं होतं तिकडं असंच शिकवून पाठवलं होतं त्यांना.

तेवढ्यात अक्का आली. दुपारची भाकरी घेऊन, रोजच्यासारखी. बांधावर थांबली नाही. गर्दीतून सरळ आत आली आणि आम्हा दोघांना म्हणाली, "त्याईले उठवू नका. बसवू नका. तुमी दोघं बसा."

आम्ही बसलो. ती दाजींच्या समोर जमिनीवर बसली, हातभर अंतरावर.

"बुवा व्हायचं का तुमाले?"

दाजींनी थोरल्यांकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"तिकडं पाहू नका. ते नई विचारत. मी विचारते."

महाराज खाकरले. अक्कानं त्यांच्याकडं पाहिलंही नाही.

दाजी म्हणाले, "मले कोणी विचारलं नई."

"आता विचारलं."

"नई," दाजी म्हणाले. आवाज एवढा बारीक की मागच्यांना ऐकू आलं नसेल. मग जरा मोठ्यानं, "नई व्हायचं."

थोरले उठून उभे राहिले. "मंग बोहल्यावरून पळाला कायले? सगळ्या गावापुढं?"

दाजी जमिनीकडं बघत बोलले. जसं बोलले तसंच लिहितो. "मलायात आम्ही दोघं होतो. त्याचा हात गेलेला, हात वर करता येईना. म्हणून माझं धोतर काढलं. पांढरं. एक टोक त्यानं धरलं, एक मी. तसं पुढं चाललो, शरण म्हणून. मधेच तडतडलं. त्याच्या बाजूचं धोतर खाली आलं. मधे लाल झालं." मग माझ्याकडं मान वळवली. "सालेसाहेबांनी दुसरं टोक धरलं होतं."

माझी जीभ तुटक्या दातावर गेली. दाजींनी मला पाडलं नव्हतं, झाकलं होतं.

मग गुरुजी, ते लग्नाचे, गर्दीत होतेच, ते म्हणाले, "असं असेल तर दुसरा मुहूर्त काढू. पण अंतरपाटाशिवाय लग्न नाही लागत, बाई. शास्त्र आहे."

अक्का म्हणाली, "लग्न लागलेलं हाय माझं. तुमीच लावलं व्हतं. जाळली ती पळसाची पानं व्हती, गुरुजी. पानं जाळून बाई विधवा व्हत असती तर पत्रावळी जाळणाऱ्या बायांचं काय?"

पूजेच्या ताटात कुंकू होतं. तिनं बोट बुडवलं आणि स्वतःच कपाळाला लावलं. आरसा नव्हता, जरा वाकडंच लागलं. मग ताटातला प्रसाद उचलून समोरच्या बाईच्या ओंजळीत दिला. "घ्या. आणि घरी जा. बुवा नई हायेत. माझा नवरा हाय."

दाजी म्हणाले, "अगं, पण मी बरा नई."

"बरे हायेत का म्हणून कुठं विचारलं मी? भाकरी खा. मंग केळीले पाणी द्यायचं हाय."

महाराजांना थोरल्यांनीच गाडीतून पोचवलं. माझ्याच गाडीतून, हे विशेष. कफनीच्या कापडाचं पुढं अक्कानं गोधडीला अस्तर लावलं.

अक्का घरातून भांडी घेऊन झोपडीत राहायला गेली. गावात चार दिवस काय बोलणं. लग्न न लावता नवऱ्याजवळ राहते म्हणे. मी पारावर जाऊन बसलो आणि म्हटलं, ज्याला बोलायचं त्यानं माझ्यासमोर बोलावं. पाटील फक्त एवढं म्हणाले, "झालं बुवा एकदाचं विलीन." मी म्हटलं, "संस्थान जागेवरच आहे, पाटील. देश तिकडं चालत गेला." हे वाक्य माझं स्वतःचं, उसनं नाही.

दाजी पुरे बरे झाले असं मी लिहिणार नाही. घराच्या छपराखाली ते पुन्हा कधीच झोपले नाहीत. कोणी हुकमाच्या आवाजात बोललं की अजून ताडकन उठायचे, आणि अक्का म्हणायची, "विचारलं का तुमाले? नई ना? मंग बसा." मग बसायचे, जरा लाजून. वांग्याची भाजी शिकले ती त्याच दिवसांत. भाजीत मीठ किती, हे विचारायचं त्यांना सुचायचं नाही आणि सांगायचं अक्काला.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी भाऊबीजेला गेलो. दिवे लागायची वेळ. झोपडीत कोणी नाही. गावाकडं फटाके चालू होते. हाक मारली तर केळीतून अक्काचा आवाज, "अठी हाय." जाऊन पाहतो तर दोघं केळीच्या वाफ्यात पालथी पडलेली. दाजींनी कान दाबलेले, सगळं अंग थरथरत होतं. अक्का शेजारी तशीच पालथी, नवं लुगडं मातीत, एक हात त्यांच्या पाठीवर. आणि प्रत्येक आवाजाला सांगत होती, "ही लवंगी. कुंभाराच्या घरची. हा भुईनळा, नुसता सुर्रर्र करतो. ही माळ, देवळापुढची, आता संपते पहा. संपली."

मला काय करावं कळेना. उभं राहणं बरं दिसेना. मी कोणापुढं वाकलेला माणूस नाही, तहसीलदारापुढंही नाही. पण त्या चिखलात मी अक्काच्या पलीकडं पालथा झालो. धोतराचं वाटोळं झालं, ते झालंच.

तेवढ्यात मोठा धडाका झाला. जमीन हलली. अक्का गप्प. तिला तो आवाज ओळखता आला नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, मलाही येईना. दाजींच्या पाठीवरचा तिचा हात घट्ट झाला.

मग दाजींनी एका कानावरचा हात काढला. ऐकलं. परत ऐकलं.

"पाटलाचा थोरला हाय," ते म्हणाले. "माठाखाली बार लावला त्यानं. येडं हाय ते पोरगं."